पेन्स पर युनिट: दोन महायुद्धांमधल्या मँगनीजचे कागद कसे वाचावेत

माझ्या टेबलावर गुजरातेतल्या शिवराजपूरच्या मँगनीजचा एक खडा आहे. मुठीत मावतो, पण उचलला की आकाराच्या मानाने किती जड आहे ते लगेच कळतं. त्यावर बोट घासलं की बोट काजळ लागल्यासारखं काळं होतं आणि एका धुण्यात निघत नाही. जुन्या धातुव्यापाराचे कागद वाचायला शिकायचंय म्हणून कुणी माझ्याकडे आलं, तर मी आधी हा खडा त्यांच्या हातात देते. मग पांढऱ्या लादीची मागची खरखरीत बाजू पुढे करते आणि त्यावर रेघ ओढायला सांगते. मँगनीजची रेघ काळी उमटते. लोखंडाचा हेमॅटाइट दिसायला कधीकधी असाच काळपट असतो, पण त्याची रेघ तांबडी येते. आकड्यांच्या मागे ही वस्तू आहे, एवढं हाताला कळलं की पुढचं सोपं जातं.

माझे आजोबा १९२० च्या दशकात शिवराजपूरला खाणीवर वजनकाट्याचे कारकून होते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्यांची एक वही उरली आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, शाई तपकिरी पडलेली. मी स्वतः मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात २६ वर्षं निर्यातीची कागदपत्रं केली. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, पृथक्करणाचा दाखला म्हणजे मालात काय किती टक्के आहे त्याचा कागद, विमा. निवृत्त झाल्यावर आजोबांची वही उघडली, तेव्हा वाटलं होतं की हे तर माझ्याच धंद्यातलं आहे, संध्याकाळपर्यंत वाचून होईल. पण ती नीट वाचता यायला मला तीन वर्षं लागली. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी एवढं लक्षात घ्या की मँगनीजला एवढं महत्त्व का होतं. वितळलेल्या पोलादातला ऑक्सिजन आणि गंधक हे दोन्ही मँगनीज पकडतं. ते नसेल तर पोलाद तापलेलं असताना लाटायला गेलं की चिरतं. एक टन पोलादाला साधारण सहा ते सात किलो मँगनीज लागतं आणि त्याला सोयीचा पर्याय नाही. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका या सगळ्यांकडे भट्ट्या होत्या, पण चांगल्या प्रतीचं मँगनीज जवळजवळ कुणाकडेच नव्हतं. ते होतं जॉर्जियातल्या चियातुरात, युक्रेनमधल्या निकोपोलला, गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानातल्या, न्सुताला, ब्राझीलमध्ये, १९३० नंतर दक्षिण आफ्रिकेतल्या पोस्टमासबर्गला आणि आपल्याकडे. आपल्याकडे म्हणजे मुख्यतः बालाघाट, भंडारा, नागपूर या पट्ट्यात, शिवाय सांडूर, विशाखापट्टण आणि आमच्या पावागडच्या पलीकडे शिवराजपूर. टंगस्टन, क्रोमियम, निकेल, कथील यांची गोष्टही थोड्याफार फरकाने अशीच. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला इंग्लंडला कळलं की ब्रह्मदेशातलं टंगस्टनचं खनिज निघतं आपल्या राज्यात, पण त्याची भुकटी तयार होऊन येते जर्मनीतून. तेव्हापासून मोठ्या देशांची सरकारं या धातूंकडे लष्करी नजरेने पाहू लागली.

आता कागद समोर घ्या.

पहिलं काम, आकडा वाचायच्या आधी तो कागद या साखळीत कुठे लिहिला गेला ते ठरवायचं. खाणीच्या तोंडाशी, रेल्वेच्या काट्यावर, मुंबईच्या बंदरात, की इंग्लंडातल्या गोदीवर? एकाच टनाची किंमत या चार जागी चार वेगळी असते. इंग्रजी पत्रकांत बहुधा सी.आय.एफ. लिहिलेलं असतं, म्हणजे माल, विमा आणि जहाजाचं भाडं धरून परदेशी बंदरातली किंमत. एफ.ओ.बी. असेल तर मुंबईत जहाजावर चढवेपर्यंतची. खाण खात्याच्या तक्त्यात किंमत कुठली धरली आहे ते तळटीपेत बारीक अक्षरात सापडतं. तळटीप वाचल्याशिवाय पान उलटू नका.

दुसरं काम सगळ्यात मोठं आहे, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे. मँगनीजचा भाव टनावर नसायचा, ‘युनिट’वर असायचा. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, त्या काचेच्या फरशीच्या मजल्याखाली, एक एम.ए.ची मुलगी माझ्या शेजारी बसून जुनं बाजारपत्रक उतरवत होती. तिने हळूच विचारलं, “काकू, बारा डी पर युनिट म्हणजे बारा डॉलर ना?”

“नाही गं. डी म्हणजे पेनी. लॅटिनमधल्या डेनारियसचं पहिलं अक्षर. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड.”

“मग बारा पेन्सला एक टन? इतकं स्वस्त?”

तिथेच सगळे अडखळतात. युनिट म्हणजे एका लाँग टनाचा शंभरावा भाग, तोही शुद्ध धातूचा. लाँग टन २,२४० पौंड वजनाचा, म्हणजे आपले साधारण १,०१६ किलो. त्याचा शंभरावा भाग २२.४ पौंड, किलोत १०.१६. ज्या खनिजात ५० टक्के मँगनीज आहे, त्याच्या एका टनात ५० युनिटं. भाव १२ पेन्स धरला, तर ५० गुणिले १२, म्हणजे ६०० पेन्स. त्याचे झाले २ पौंड १० शिलिंग. तेवढी त्या टनाची किंमत. तेच खनिज ४८ टक्क्यांचं निघालं तर ५७६ पेन्स, २ पौंड ८ शिलिंग. दोन टक्के कमी म्हणजे टनामागे दोन शिलिंग गेले. शिवाय सिलिका किंवा फॉस्फरस करारापेक्षा जास्त भरला तर भाव आणखी कापला जायचा. म्हणून पृथक्करणाचा दाखला हा भावाच्या कागदाइतकाच महत्त्वाचा. दोन्ही एकत्र मिळाले नाहीत तर हिशोब मांडू नका. भावाजवळ ‘५० टक्के धरून’ अशी नोंद मात्र शोधा, बहुतेक वेळा ती असते.

टंगस्टनलाही युनिट हेच माप, पण तिथे पेन्सच्या जागी शिलिंग आणि धातूच्या जागी टंगस्टनचा ऑक्साइड मोजतात. त्या ऑक्साइडमध्ये धातू असतो साधारण ७९ टक्के. चीन आणि ब्रह्मदेशाचे आकडे मँगनीजच्या शेजारी मांडणार असाल तर ही वजावट विसरू नका. कथील सरळ टनाच्या भावाने विकलं जायचं, तिथे ही अडचण नाही.

मग ओलावा. युनिटं कोरड्या खनिजाची मोजतात. नमुना भट्टीत १०० अंशावर वाळवून पृथक्करण करायचं आणि मालाच्या वजनातूनही ओलावा वजा करायचा. हजार टन माल तीन टक्के ओला असेल, तर किंमत ९७० टनांची. ५० टक्क्यांच्या मालाची युनिटं ५०,००० नव्हे, ४८,५००. आजोबांच्या वहीत जून ते सप्टेंबरच्या पानांवर वॅगनच्या नंबरापुढे बारीक ‘ओ’ लिहिलेला आहे. मी वर्षभर त्याला शून्य समजत होते. शेवटी लक्षात आलं की तो ओल्याचा ‘ओ’ आहे. पंचमहालात पाऊस चांगला पडतो, आणि फोडून, हाताने निवडून रचलेले मँगनीजचे ढीग उघड्यावरच असायचे. तो ओ लिहिताना हा माणूस छत्री धरून काट्यापाशी उभा असणार, असं मला त्या पानांवर दिसतं.

आता पेन्सचे रुपये करा. इथे तारीख फार महत्त्वाची. १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला, म्हणजे १८ पेन्स. त्याआधी चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्सचा, म्हणजे १६ पेन्सचा आग्रह धरला होता. पाठ्यपुस्तकात हा वाद कोरडा वाटतो. आपल्या एका टनावर करून बघा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. ६०० पेन्सला १६ ने भागलं तर ३७ रुपये ८ आणे. १८ ने भागलं तर ३३ रुपये ५ आणे ४ पै. लंडनचा भाव तोच, माल तोच, पण टनामागे इथल्या माणसाच्या हातात ४ रुपये २ आणे ८ पै कमी. मजुरी, रेल्वेचं भाडं, स्वामित्वशुल्क म्हणजे रॉयल्टी, सगळं रुपयात द्यायचं होतं, ते काही कमी झालं नाही.

आणखी एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: २१ सप्टेंबर १९३१. त्या दिवशी पौंडाची सोन्याशी बांधलेली ठरावीक किंमत सुटली आणि रुपया त्याच्याबरोबर गेला. त्यानंतरचा पेन्स हा आधीचा पेन्स नाही. पौंडाला ४.८६ डॉलर मिळत होते, ते काही महिन्यांत साडेतीनच्याही खाली आले. १९३० आणि १९३२ चे भाव पेन्समध्ये शेजारी ठेवून “फारसा फरक नाही” असं म्हणू नका. अमेरिकी गिऱ्हाइकाला तो फरक खूप मोठा होता.

पुढची पायरी वजाबाकीची. खाणीवर काय उरलं, हे पाहायचं असेल तर परदेशी बंदरापासून उलटं चालत या. समजा जहाजाचं भाडं आणि विमा मिळून टनाला १८ शिलिंग, म्हणजे २१६ पेन्स, रुपयात १२. भाव १२ पेन्स असताना ३३ रुपये ५ आणे ४ पैंतून १२ गेले, मुंबईत उरले २१ रुपये ५ आणे ४ पै. आता भाव ९ पेन्सवर आणा. ५० गुणिले ९ म्हणजे ४५० पेन्स, २५ रुपये. जहाजाचं भाडं तेच धरलं तर उरले १३. भाव पाव भागाने पडला, पण मुंबईतली बाकी जवळजवळ दोन पंचमांशाने आटली. त्यातून रेल्वेचं भाडं अजून जायचंय. ही वजाबाकी स्वतःच्या हाताने एकदा केल्याशिवाय १९२९ नंतर आपल्या खाणी का बंद पडल्या ते खरं कळत नाही. “जागतिक मंदी आली” एवढ्या तीन शब्दांत ते मावत नाही.

अंतराचा मुद्दाही इथेच उलगडतो. नागपूर ते मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, बालाघाट त्याच्याही पलीकडे. आमच्या शिवराजपूरचा माल अरुंद गेजच्या गाडीने चांपानेर रोडला यायचा, तिथे मोठ्या गाडीत चढायचा, आणि वडोदऱ्याहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. पुढे १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम मार्ग पुरा झाला, १९३३ मध्ये विशाखापट्टणचं बंदर उघडलं, आणि मध्य प्रांताच्या मालाला समुद्र जवळ आला. त्यानंतरच्या कागदात बंदराचं नाव बदललेलं दिसलं तर खाण बदलली असं समजू नका.

समोरच्या पारड्यात काय होतं तेही बघा. चियातुराचा माल काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरातून निघायचा, युरोपच्या भट्ट्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. १९२५ मध्ये अमेरिकेचे भांडवलदार हॅरिमन यांनी सोव्हिएत सरकारकडून त्या खाणींचा २० वर्षांचा करार मिळवला आणि १९२८ मध्येच तो संपवावा लागला. मग सोव्हिएत सरकारने स्वतः माल बाजारात ओतला. यंत्रं आणायला त्यांना परकी चलन हवं होतं, त्यामुळे पडलेल्या भावातही ते विकत राहिले. आपल्याकडचं उत्पादन १९२७ मध्ये ११ लाख टनांच्या वर होतं, ते १९३२ मध्ये दोन लाखांच्या आसपास आलं.

अमेरिकेची जकातही धातूच्या वजनावर होती. १९२२ च्या कायद्याने खनिजातल्या मँगनीजच्या दर पौंड वजनाला एक सेंट. आपल्या ५० टक्क्यांच्या टनात १,१२० पौंड मँगनीज, म्हणजे जकात ११ डॉलर २० सेंट. आणि १२ पेन्सच्या भावाने त्या टनाची किंमत, जुन्या दराने, साधारण १२ डॉलर. मालाइतकीच जकात! युनिटचा हिशोब येत नसेल तर ‘एक सेंट’ हा आकडा डोळ्यांखालून सहज निसटतो. माझ्या हातून दोनदा निसटला होता.

आता ज्या चुका तुम्ही करणारच आहात, त्यांच्याबद्दल. शिवराजपूर आमच्या इतकं जवळ, की इथल्या कुणालाही ते बडोदे संस्थानातलं वाटतं. मीही संस्थानचे वार्षिक अहवाल चाळण्यात महिनाभर घालवला. पण पंचमहाल हा ब्रिटिश जिल्हा होता. मूळ मुलूख शिंद्यांचा, १८६१ मध्ये झाशीकडच्या जमिनीच्या बदल्यात इंग्रजांकडे गेला. म्हणून शिवराजपूर शोधायचं ते मुंबई इलाख्याच्या तक्त्यात. इंदूरच्या बाजूच्या वाचकांना झाबुआची काजळीडोंगरी हवी असेल तर ती ‘सेंट्रल इंडिया’ या संस्थानांच्या गटाखाली मिळेल. तिथूनच हॉलंडाइट हे मँगनीजचं खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं, आणि ते ओळखणारे फर्मर पुढे जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. मँगनीजवर त्यांनी १९०९ मध्ये लिहिलेला ग्रंथ आजही पहिल्यांदा उघडावा असा आहे.

जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘रेकॉर्ड्स’ या नियतकालिकात दरवर्षी खनिज उत्पादनाचा आढावा यायचा. त्यातलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. समुद्री व्यापाराच्या सरकारी पत्रकातलं वर्ष एप्रिल ते मार्च. दोन्ही एका स्तंभात कालवू नका. सांडूरचा माल गोव्यातल्या मार्मागोव्याहून जायचा, ते बंदर पोर्तुगीजांचं, म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानच्या बंदरांच्या बेरजेत तो नसतो, वेगळा पाहावा लागतो.

आणि १ एप्रिल १९३७. त्या दिवशी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. तवॉय आणि मॉचीचं टंगस्टन, बॉडविनचं शिसं आणि चांदी, सगळं एका रात्रीत ‘भारताच्या’ तक्त्यातून नाहीसं झालं. मला हे माहीत नव्हतं. एका स्मरणिकेतल्या लेखात मी लिहून बसले की १९३७ मध्ये भारताच्या टंगस्टनच्या खाणी बसल्या. लेख छापून झाल्यावर एका वयस्कर वाचकाचं पत्र आलं, अगदी सौम्य शब्दांत. मी पुढच्या अंकासाठी दुरुस्ती पाठवली, ती छापली गेली नाही. तो चुकीचा लेख अजून कुणाच्या तरी कपाटात आहे याचं मला दुःख आहे. कुठलाही आकडा एकदम पडला किंवा चढला, तर खाणीत काय झालं ते विचारण्याआधी सरहद्द हलली का ते विचारा.

माल कुठे गेला, हा स्तंभ तर फारच जपून वाचा. तिथे लिहिलेलं असतं ते उतरण्याचं बंदर. अँटवर्प लिहिलं म्हणजे बेल्जियमच्याच भट्टीत गेला असं नाही, तिथून लक्झेंबर्ग आणि जर्मनीलाही माल जायचा. रॉटरडॅमचंही तसंच. १९३० च्या दशकात जपानचं नाव वरवर चढताना दिसेल, त्याला मात्र असा आडपडदा नाही.

१९३५ च्या हिवाळ्यातले कागद हाती आले तर इटलीचा स्तंभ पाहा. इटलीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केल्यावर राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लावले. जे माल इटलीला पाठवायचे नाहीत त्यांत मँगनीज, क्रोमियम, टंगस्टन, निकेल, व्हॅनेडियम, कथील होते. तेल आणि कोळसा मात्र नव्हता. अमेरिका संघात नव्हती, जर्मनी बाहेर पडलेली. जुलै १९३६ मध्ये निर्बंध उठले. नकाराची यादी वाचताना ‘काय नव्हतं’ हेही लिहून घ्यायची सवय ठेवा, मला त्यातूनच जास्त कळलं. अमेरिकेनेही जून १९३९ मध्ये कायदा करून असा माल साठवायला १० कोटी डॉलरची तरतूद केली, तोवर फार उशीर झाला होता.

लिहून घेण्याची रीत माझ्यापुरती अशी. मूळ आकडा मूळ मापात, पेन्सिलीने, जसाच्या तसा. त्याच्याच शेजारी साखळीतली जागा, तारीख, टक्का, ओलं की कोरडं. रुपांतर दुसऱ्या पानावर. मूळ पानावर कधीही रुपांतर लिहू नका, कारण सहा महिन्यांनी आपला आकडा कुठला आणि त्यांचा कुठला ते आपल्यालाच कळत नाही. स्कॅन केलेलं पान असेल तर अपूर्णांक भिंगाखाली बघा, कारण पाव आणि पाऊण पेनी तिथे सारखेच दिसतात, आणि ५० युनिटांवर पाव पेनीला एक शिलिंगाहून जास्त फरक पडतो.

हे सगळं हाताशी आल्यावर मी पुन्हा आजोबांची वही घेतली. १९२७ च्या पानांवर ओळीला ओळ चिकटलेली आहे, समासातही वॅगनचे नंबर. १९३० मध्ये ओळी विरळ होतात. मग एका पानावर फक्त तारीख आणि ‘काटा बंद’ एवढे दोन शब्द, आणि पुढची अकरा पानं कोरी. घरात आम्हाला सांगितलेलं होतं की आजोबा तेव्हा आजारी होते. मी पेन्सिलीने त्या वर्षाचा हिशोब मांडला, बाजारपत्रकातला भाव, ५० टक्के, १८ पेन्सचा रुपया, जहाजाचं भाडं वजा, रेल्वे वजा. काट्यावर बसायला माणूस लागावा इतकं खाली काही उरत नव्हतं. अकरा कोऱ्या पानांनंतर अक्षर तेच आहे, शाई वेगळी, आणि पहिल्या वॅगनच्या नंबरापुढे बारीक ‘ओ’.